सोंगाड्याचं हत्यार सरकारांच्या हातात : निळू फुले यांच्या हिंदुरावाचं प्रकरण

आमच्या तालुक्याच्या गावी दर उन्हाळ्यात दहा दिवसांचं नाट्यशिबिर भरतं. शाळेचा हॉल, दोन कुरकुरणारे पंखे आणि वीस-बावीस पोरं. कुणी बारावी झालेलं, कुणी आयटीआयवालं, दोघी-तिघी डीएड करणाऱ्या. पहिल्या दिवशी ओळख व्हावी म्हणून मी सांगतो, कुणाचीही एक नक्कल करून दाखवा. दरवर्षी न चुकता एक जण उठतो, धोतराचा सोगा धरल्यासारखी मूठ करतो, मान तिरकी करून डोळा बारीक करतो आणि घशातल्या घशात म्हणतो, "बाई, वाड्यावर या." हॉल हसून लोळतो. मी विचारतो, हा माणूस तू कुठल्या सिनेमात पाहिलास रे? पोरगा डोकं खाजवतो. त्याने सिनेमा पाहिलेला नसतो. त्याने दुसऱ्याची नक्कल पाहिलेली असते, तीही मोबाइलवर.

सहाव्या दिवशी, पाठांतराची हौस फिटली की मी निळू फुल्यांचं आणि त्यांच्या 'सामना' सिनेमातल्या हिंदुरावाचं हेच प्रकरण पोरांसमोर घेतो. तिथे उठून करून दाखवता येतं, इथे शब्दांवर भागवायचंय.

पेच काय आहे

निळकंठ कृष्णाजी फुले. १९३० च्या सुमाराचा जन्म, पुण्यात वाढलेला माणूस. अंगकाठी बेताची. आवाज घोगरा, थोडा नाकातला. नाट्यगृह दणाणून टाकणारा तर अजिबात नव्हे. लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, पुण्याच्या एएफएमसीत, माळीकाम केलेलं. राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता, आणि तोही पगारातला काही भाग संघटनेला देणारा. नाव झालं ते लोकनाट्यात, लोकांना हसवून.

असा माणूस मराठी पडद्यावरचा सगळ्यात धाक वाटणारा खलपुरुष कसा झाला? त्याआधीच्या ग्रामीण सिनेमातला खलनायक आठवा. पिळदार मिशा, रुंद छाती, हातात चाबूक नाहीतर बंदूक, आणि बोलायला लागला की गोठ्यातली जनावरं बिथरावीत असा आवाज. फुल्यांपाशी यातलं काहीच नव्हतं. होती ती वीसेक वर्षांची लोकनाट्याची मेहनत. सरळ हिशेबाने पाहिलं तर ती विनोदी नटाच्या उपयोगाची, खलनायकाच्या नव्हे.

नेहमीचं उत्तर असं की मोठा नट काहीही करू शकतो. या उत्तराने शिबिरातल्या पोराच्या हाती काही लागत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. फुल्यांनी पडद्यासाठी नवी हत्यारं घडवलीच नाहीत. सोंगाड्याची, म्हणजे तमाशातल्या विनोदी चाकराची, जी हत्यारं होती तीच त्यांनी जशीच्या तशी सरकारांच्या, म्हणजे गावच्या धन्याच्या, हातात दिली. त्याने काय झालं ते पाहू.

हत्यारं

सेवा दलाचं कलापथक साने गुरुजींच्या प्रेरणेतून उभं राहिलं. तमाशाचा बाज घ्यायचा, त्यातला ओंगळपणा गाळायचा आणि गावोगाव जाऊन लोकांच्या प्रश्नावर बोलायचं, अशी ती कल्पना. या परिवारातून निळू फुले आले, राम नगरकर आले, दादा कोंडके आले. पु. ल. देशपांड्यांच्या 'पुढारी पाहिजे' मध्ये फुल्यांनी रोंग्या केला. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास, संयुक्त महाराष्ट्राचं वारं भरात असताना, त्यांनी स्वतः 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, लिहिला. पुढे शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' आलं. त्याचे प्रयोग दोन हजारांच्या पुढे गेले.

दोन हजार हा आकडा पोरांना मी फळ्यावर लिहून दाखवतो. दोन हजार वेळा तोच विनोद, आणि दर वेळी समोर वेगळं गाव. कुठे हशा आधी येतो, कुठे मागून येतो, कुठे येतच नाही. जो नट हे दोन हजार वेळा झेलतो त्याच्या अंगात एक घड्याळ बसतं. त्याला कळतं की समोरचे आता हसणार आहेत, अजून अर्धा श्वास थांबायला हवं. हे घड्याळ शिबिरात शिकवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.

आता वगातला सोंगाड्या उभा कुठे असतो? गण झाला, गौळण झाली, बतावणी, म्हणजे विनोदी सवालजवाब, झाली, वग सुरू झाला. मध्ये राजा, नाहीतर पाटील, नाहीतर प्रधान. त्याच्या बाजूला हा. चाकर सत्तेचा, पण तोंड लोकांकडे. राजा हुकूम सोडतो, हा "जी सरकार" म्हणतो आणि त्याच दमात मान वळवून लोकांना असं काही ऐकवतो की राजाची अब्रू चव्हाट्यावर. तेवढं राजाला ऐकू येत नाही, असं सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं असतं. सोंगाड्याची सगळी ताकद या न ऐकू येण्यात आहे.

त्याची हत्यारं मोजकी. एक म्हणजे मुद्दाम पांघरलेला अडाणीपणा : सगळं कळत असून "म्हंजी काय?" म्हणून विचारायचं आणि समोरच्याला बोलतं करून त्याच्याच शब्दांत अडकवायचं. दुसरं, उशिरा येणारं उत्तर. तिसरा, गरजेपेक्षा जास्तीचा आदर, जो ऐकताना कानाला टोचतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लोकांशी असलेलं गुपित. मला काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक आहे, या मधल्या माणसाला ठाऊक नाही.

ही हत्यारं दुबळ्याची आहेत. ज्याला हात उगारता येत नाही तो जीभ चालवतो. म्हणून सोंगाड्या आपला वाटतो.

पहिली अदलाबदल

१९६८ साली अनंत माने यांचा 'एक गाव बारा भानगडी' आला. माने म्हणजे 'सांगत्ये ऐका' चे दिग्दर्शक. तो सिनेमा पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता. तमाशाची नस ओळखणारा हा माणूस. लेखणी पुन्हा शंकर पाटलांची, म्हणजे ज्यांच्या वाक्यांवर फुल्यांचं घड्याळ लागलं होतं त्यांचीच. या सिनेमातला झेले अण्णा हा फुल्यांचा पडद्यावरचा पहिला लक्षात राहिलेला माणूस.

झेले अण्णा गावातला बेरकी, इकडची काडी तिकडे करणारा. सोंगाड्यापासून तो फार लांब नाही, चार पावलांवर आहे. पण त्या चार पावलांत बाजू बदलली. लोकनाट्यात बेरकीपणा गावाच्या उपयोगाचा होता, इथे तो गावाच्या मुळावर आला. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. निर्मात्यांच्या लक्षात आलं की हा माणूस हसवता हसवता अंगावर काटा आणतो. एवढ्यावरच थांबले असते तर फुले बिलंदर पात्रांचे नट म्हणून राहिले असते. मधे एक नाटक आलं.

स्वगत गिळलं ते नाटक

विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर', १९७२. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग आणि सखाराम निळू फुले. सखाराम छापखान्यात बाइंडिंग करणारा, नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, शिवराळ, मारकुटा, आणि स्वतःच्या हिशेबाने खराखुरा. मृदंग वाजवायचा. नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, बंदी घातली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकून आले. ती कहाणी बऱ्याच वेळा सांगून झालीय, मी त्यात शिरत नाही.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. सखारामला प्रेक्षकांकडे बघायची सोय नाही. चौकटीचा रंगमंच, चौथी भिंत बंद. वीस वर्षं ज्या नटाची अर्धी कमाई लोकांकडे वळलेल्या मानेवर होती, त्याला ती मान आता वळवता येणार नव्हती. मग ते स्वगत जाणार कुठे?

पोटात. माझ्या मते हा या सगळ्या प्रकरणातला सांधा आहे. सोंगाड्या जे मोठ्याने बोलून टाकायचा ते सखारामने गिळलं. पात्र एक वाक्य बोलतं आणि दुसरं वाक्य आत राहतं. ते आत आहे हे मात्र बघणाऱ्याला कळत राहतं, कारण नटाला ते बाहेर काढायची जन्माची सवय. दाबलेल्या स्प्रिंगसारखं. प्रायोगिक नाटकवाले ज्याला अंतःप्रवाह वगैरे म्हणतात, ते फुल्यांकडे पुस्तकातून आलं नाही. बतावणीतून आलं, तोंड बंद करावं लागलं म्हणून.

हिंदुराव धोंडे-पाटील

'सामना' १९७४-७५ चा. डॉ. जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. पटकथा तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे, संगीत भास्कर चंदावरकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

त्या वेळचा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हिंदुराव कळत नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या आसपास उभा राहिला, त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात धुराड्यांची रांग लागली. कारखान्यामागून बँक आली, शाळा-कॉलेजं आली, दूधसंघ आला. रस्ते झाले. आणि या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस बसला, ज्याच्या शब्दाशिवाय ऊस तुटत नाही आणि पोराला नोकरी लागत नाही. जुन्या सिनेमातला पाटील वतनाच्या जोरावर माजलेला असे. हा नवा माणूस निवडून आलेला आहे. त्याने गावाचं खरोखर भलं केलंय. पंचाईत ती तिथेच.

गोष्ट थोडक्यात अशी. फाटक्या अवतारातला, दारूत बुडालेला एक म्हातारा मास्तर गावात येऊन पडतो. एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक. हिंदुराव त्याला हाकलत नाही, आपल्याकडे ठेवून घेतो, बाटलीची सोय करतो. मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. फौजेतून परतलेला, गावात प्रश्न विचारणारा आणि मग नाहीसा झालेला. मास्तर त्या नावाला चिकटतो. मारुती कांबळेचं काय झालं? हा प्रश्न पुढे सिनेमातून बाहेर पडून मराठीत वाक्प्रचारासारखा रुळला, आजही वर्तमानपत्राच्या मथळ्यात सापडतो. मारुती मोहन आगाशे, मास्तर डॉ. श्रीराम लागू.

लागू तेव्हा 'नटसम्राट' मुळे शिखरावर होते. त्यांच्यासमोर फुल्यांना उभं करणं म्हणजे दोन घराणी समोरासमोर. लागूंचं काम आवाजावर, उच्चारावर, वाक्याच्या बांधणीवर उभं. फुल्यांचं विरामावर. हिंदुराव मास्तरशी बोलतो तेव्हा काय करतो ते नीट बघा. तो ऐकतो. समोरचा बोलत असतो आणि याच्या चेहऱ्यावर एक कुतूहल असतं, जनावराच्या बाजारात नवं जनावर बघताना असतं तसलं. किती दाताचं आहे, काय भावाला जाईल. उत्तर अर्धा श्वास उशिरा. "मास्तर" ही हाक गरजेपेक्षा जास्त आदराची. आणि मधूनमधून पांघरलेला अडाणीपणा : आम्ही खेड्यातली माणसं, आम्हाला काय कळतंय.

म्हणजे सोंगाड्याचीच सगळी यादी. पण सोंगाड्या हे सगळं राजाशी करायचा. इथे राजाच करतोय, आणि करतोय एका दारुड्या म्हाताऱ्याशी. दुबळ्याची हत्यारं बळकटाच्या हाती गेली की दुबळ्यापाशी काहीच उरत नाही, विनोदसुद्धा नाही. गर्जना करणाऱ्या खलनायकाची पाठ वळल्यावर निदान टिंगल करता यायची. हिंदुरावाची टिंगल कशी करणार? ती तो स्वतःच आधी करून मोकळा होतो.

आणि ते गुपित? सोंगाड्या ज्यांच्याकडे मान वळवायचा ते लोक सिनेमात नाहीत. त्यांच्या जागी कॅमेरा आहे. फुले कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, पण त्यांची नजर समोरच्या माणसावरून निघून कुठेतरी बाजूला जाते, क्षणभर तिथे रेंगाळते आणि परत येते. वगात जिथे मान वळली असती, नेमक्या तिथेच. आपण थेटरात बसलेले त्या नजरेत नकळत सामील होतो. म्हातारा मास्तर काय बोलतोय बघा, असं आपल्यालाच कुणीतरी डोळा मारून सांगतंय. आपण हसतो. मग लक्षात येतं की आपण कुणाच्या बाजूने हसलो.

आजीची साक्ष

या मुद्द्याला माझ्याकडे एकच घरगुती पुरावा आहे. माझी आजी. जत्रेत तंबू थेटर यायचं. बायकांची बाजू वेगळी, खाली पोत्याचं तरट, पोरांना मधे बसायची मुभा. मी तिच्या मांडीला टेकून बसायचो. पडद्यावर निळू फुले आले की बायकांच्या बाजूने शिव्या सुरू व्हायच्या. "मुडदा बशिवला याचा," हे आजीचं ठरलेलं. बोटं मोडायची, कडाकडा आवाज यायचा.

तेव्हा लक्षात आलं नाही, नंतर आठवून आठवून जुळवलं, ते असं की आजी आधी हसायची. फुल्यांचं वाक्य पडलं की तिच्या पोटाला हिसका बसायचा, तो माझ्या डोक्याला कळायचा, कारण माझं डोकं तिच्या पोटाशी. आणि मग शिवी. हसू आणि शिवी यांच्यात जेमतेम एक श्वास. तिने उभ्या आयुष्यात वग पाहिले होते. त्या आवाजावर आणि त्या उशिरा येणाऱ्या उत्तरावर हसायची तिला सवय होती. हसून झाल्यावर तिला कळायचं की हा आपला सोंगाड्या नाही, हा आपल्याला गिळायला बसलेला माणूस आहे. तो राग पात्रावर होता तेवढाच स्वतःच्या हसण्यावर. इतर खलनायकांना ती अशा शिव्या देत नसे. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चिवड्याचा पुडा सोडायची.

याला आक्षेप

शिबिरात दोन आक्षेप हमखास येतात. पहिला : ही करामत तेंडुलकरांच्या लेखणीची, नटाची नव्हे. यात तथ्य आहे. हिंदुराव काळाकुट्ट लिहिलेलाच नाही. त्याला गावाचं प्रेम आहे, केलेल्या कामाचा अभिमान आहे, आणि मास्तरविषयी एक चमत्कारिक ओढ आहे. लेखकाने एवढं दिल्यावर कुणीही चांगला नट तरून गेला असता. पण तरून जाणं आणि धाक बसवणं यात फरक आहे. हीच संहिता एखाद्या भारदस्त नटाच्या हाती दिली असती तर हिंदुराव शोकांत नायक झाला असता. आपल्याला त्याची कणव आली असती, भीती वाटली नसती. फुल्यांच्या हिंदुरावाची भीती वाटते कारण तो ओळखीचा आहे. परवा सोसायटीच्या ऑफिसात याने चहा पाजला होता, असा.

दुसरा आक्षेप चेहऱ्याचा. तो चेहराच तसा होता, नजरच तशी होती. याला मी उत्तर देत नाही, दोन भूमिका सांगतो.

एक, जयवंत दळवींचं 'सूर्यास्त'. या नाटकात निळू फुले अप्पाजी होते. गांधींच्या वाटेने गेलेला म्हातारा, मुलगा मुख्यमंत्री, आणि त्या मुलाच्या राज्यात काय चाललंय ते बघून आतून जळणारा बाप. म्हणजे 'सामना' तल्या मास्तरच्या जागी हे जाऊन बसले. तोच चेहरा, तीच नजर, तोच घोगरा आवाज. नाट्यगृहात माणसं रडली.

दुसरी भूमिका पुन्हा सिनेमातली, आणि माझ्या लेखी हिंदुरावाच्या तोडीची. १९७९ चा 'सिंहासन'. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवरचा, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल, पटकथा पुन्हा तेंडुलकर. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढायला निघालेले विश्वासराव दाभाडे म्हणजे लागू. आणि फुले दिगू टिपणीस, पत्रकार.

दिगू सगळ्या दालनांत जातो. सगळे त्याच्याशी बोलतात, थोडं खरं, बरंच खोटं. तो सत्तेच्या बाजूला उभा आहे, त्याला सगळं कळतं. ही सोंगाड्याचीच जागा. पण मान वळवून सांगायचं कुणाला? वर्तमानपत्र आहे, पण कळलेलं सगळं काही त्यात येत नाही. हिंदुरावाने सोंगाड्याची हत्यारं पळवली होती, दिगूकडे हत्यारं आहेत आणि समोरचे लोकच नाहीत. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. दोन हजार प्रयोगांत लोकांना हसवलेल्या माणसाचं ते एकट्याचं हसणं मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. चेहऱ्याचा आक्षेप घेणारं पोरगं इथे सहसा गप्प होतं.

पुढे काय झालं

धंद्याने जे करायचं तेच केलं. हिंदुरावातली गुंतागुंत महाग, तिचा साचा स्वस्त. धोतर, टोपी, तिरकी मान, बाईवरची नजर, एवढं उचललं आणि पुढची वीस वर्षं छापत राहिले. फुल्यांनी शंभराहून जास्त सिनेमे केले, त्यात याच साच्याचे किती ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. हिंदीतही बोलावणं आलं ते बहुधा अशाच कामांसाठी. १९८४ च्या 'सारांश' मधला गजानन चित्रे हा शहरी पुढारी त्यातल्या त्यात वेगळा : वाडा नाही, धोतर नाही, पण आदराने बोलून अंगावर काटा आणायची पद्धत अस्सल.

इथे माझी थोडी तक्रार फुल्यांविषयीही आहे. काही सिनेमांत ते स्वतःचीच नक्कल करताना दिसतात. घड्याळ चालू आहे, पण माणूस घरी नाही. त्यांना ते कळत नसेल असं मला वाटत नाही. पोट, संसार, आणि सिनेमाबाहेर चाललेली कामं, या सगळ्याला पैसा लागतो.

त्या बाहेरच्या कामांची यादी मोठी आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ, बाबा आढावांच्या कामाला साथ. लागू आणि इतर कलावंतांसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी 'लग्नाची बेडी' चे प्रयोग केले, कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. पडद्यावर समोरासमोर ठाकलेले मास्तर आणि हिंदुराव एकाच गाडीतून गावोगाव फिरत होते. पण खेड्यात सभेला गेले की पुढच्या रांगेतल्या बायका पदर सावरायच्या, हा किस्सा त्यांच्याबरोबर फिरलेले लोक अजून सांगतात. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले. मग मोबाइल आला, आणि एक वाक्य उरलं.

सहाव्या दिवशीचा सराव

प्रकरण सांगून झालं की मी पोरांना एक काम देतो. निळू फुले करा, पण "वाड्यावर या" म्हणायचं नाही. बाई नको, वाडा नको, मानही तिरकी करायची नाही. वाक्य एकच : "चहा घेणार?"

बहुतेकांचं फसतं. आवाज खाली नेतात, भुवई वर नेतात, झाला तमाशा. गेल्या वर्षी ऊसतोड मुकादमाचा एक मुलगा होता. पाच दिवस तोंडातून शब्द नाही. नाव पुकारल्यावर उठला, खुर्चीवर बसला. समोर डीएडची मुलगी उभी, तिचं वाक्य होतं, "माझ्या भावाचा हिशेब राहिलाय." तिने म्हटलं. हा तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर खरंखुरं लक्ष, अगदी आदर. मग नजर खिडकीकडे गेली, बाहेर कुणीतरी ओळखीचं उभं असावं तशी, आणि परत आली. किंचित हसला.

"चहा घेणार?"

पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मुलगी दोन पावलं मागे सरकली होती, ते तिला तिची टाच भिंतीला लागल्यावर कळलं. मी विचारलं, कुठे शिकलास रे हे? तो आता पुन्हा पहिल्यासारखा खाली मान घालून उभा.

"शिकलो नाय सर. बाप गेल्यावर मालक आमच्या घरी आले होते, तेव्हा असंच म्हणाले होते. चहा आमचाच होता."